शुक्रवारचे फोटो आणि डोलोन घाट

मी, सायराकान बेयशे किझी, वय एकसष्ट, राहणार नारीन, जनावरांच्या दवाखान्याची निवृत्त मदतनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आहे ते सोमवारच्या शस्त्रक्रियेचे. गाठ साधी आहे, असे डॉक्टर म्हणतात. मग माझ्या डोळ्यांत बघून का म्हणत नाहीत?

१. घर, गोठा व दोन्ही गायी माझा एकुलता एक मुलगा जानिश याला मिळाव्यात. तो मॉस्कोत गोदामात कामाला आहे. घर विकू नकोस, असे लिहिणार होते. पण मेल्यावरही हुकूम सोडणारी माणसे मला आवडत नाहीत. उत्तरेकडचा पत्रा मात्र बदलावा.

२. माझे दीर झुमाश यांनी माझ्या नवऱ्याचे चांदीच्या फुलांचे खोगीर आठ दिवसांसाठी म्हणून नेले. तेव्हा जानिश पाळण्यात होता, आता त्याला टक्कल पडू लागले आहे. खोगीर जानिशचे आहे. झुमाश यांना मी काढलेला खोगिराचा फोटो द्यावा. मोठा करून, चौकटीत.

३. कॅमेरा व फोन शेजारीण कालिपा हिला. जनावरांचे डॉक्टर असांगाझी यांच्याबरोबर लशी टोचत मी कुरणे, दऱ्या, तळी पालथी घातली. निवृत्तीनंतरही त्यांच्या जीपमधून हिंडते आणि दर शुक्रवारी एका ठिकाणाचा ताजा फोटो फोनवरून सगळ्यांना दाखवते. कुठून कुठून लोक वाट विचारतात, मी सांगते. एका प्रवासी कंपनीने माझा धबधबा न विचारता छापला, तोही डावा-उजवा उलटा. त्यांना माफी नाही.

जानिश फोन क्वचित करतो, पण फोटोखाली पहिली ओळ त्याचीच असते. बर्फ दिसले की लिहितो, "आई, टोपी घाल."

४. माझे काही बरेवाईट झाल्यास जानिशला एप्रिलपर्यंत कळवू नये. त्याचे वडील सागिन आईच्या मृत्यूची बातमी ऐकून जानेवारीत बिश्केक आणि नारीन यांच्यामधल्या डोलोन घाटातून निघाले होते. आईचे शव ठेवायला मांडलेल्या तंबूत आम्हाला त्यांचेही शव ठेवावे लागले. जानिश बिश्केकला उतरेल, मित्राची, बर्फावर घसरणाऱ्या उन्हाळी टायरांची गाडी घेईल आणि थेट घाटात शिरेल. मी त्याला ओळखते. म्हणून घाट मोकळा होईपर्यंत कालिपाने दर शुक्रवारी माझ्या नावाने हिवाळ्याचा एक जुना फोटो टाकत राहावा.

हे कलम वाचून दाखवताच डॉक्टर असांगाझी चिडले. "मुलगा रीतीप्रमाणे तंबूच्या दाराशी आला नाही, रडला नाही, आणि आम्ही परस्पर माती द्यायची? गाव आमच्या तोंडात शेण घालेल!"

"घालू दे. पोरगा तर जिवंत राहील," मी म्हणाले.

कालिपा वेगळ्याच काळजीत होती. "ताई, तो 'टोपी घाल' म्हणाला, तर मी काय लिहू हो? 'घातली' म्हणू?"

तिला सवय व्हावी म्हणून काल शुक्रवारी तिच्याच हातून एक फोटो टाकला. गेल्या हिवाळ्यातला, बर्फातल्या लाकडी पुलाचा. चहा गाळून होतो न होतो तोच जानिशची ओळ आली.

"आई, हा पूल वसंतातल्या पुरात वाहून गेला. तूच दाखवला होतास. आजचा फोटो का नाही? कुठे आहेस?"

पाठोपाठ फोन वाजला. कालिपाने तो निखारा धरल्यासारखा माझ्या हातात टाकला.

"बरी आहेस ना?"

मला खोटे बोलता आले नाही. सोमवारचे सांगितले.  तो म्हणाला, "आणि मला कधी सांगणार होतीस?"

"घाट मोकळा झाल्यावर."

"आई, बाबा घाटात गेले म्हणून तू मला तुझ्यापासूनच तोडतेस होय?"

५. सबब कलम चार रद्द. जे होईल ते जानिशला त्याच दिवशी कळवावे. घाटमाथ्यावर बर्फ काढणाऱ्या माणसाने रोज सकाळी रस्त्याचा फोटो कालिपाकडे आणि तिने तो जानिशला पाठवावा. फोटो त्याच दिवसाचा हवा. रस्ता बंद दिसला, तर त्याने पलीकडेच थांबावे. त्याच्यावाचून मला माती द्यावी. तंबू मात्र तो येईपर्यंत उतरवू नये. तो दाराशी येऊन रडेल तेव्हा रडेल. उशीर झाला म्हणून त्याला कोणी, विशेषतः झुमाश यांनी, एक शब्द बोलू नये.

पहिला फोटो आज सकाळी गेला. त्यात धुक्याशिवाय काही दिसत नाही. जानिशचे उत्तर आले आहे: "दिसेपर्यंत थांबेन. पण विमानात बसलोय. टोपी घाल."

मी घरात, अंथरुणात आहे. तरी घातली आहे.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले आहे. सही वाकडी आली आहे ती भीतीने, अक्कल गेली म्हणून नव्हे.

सही: सायराकान बेयशे किझी

साक्षीदार:
१. असांगाझी, जनावरांचे डॉक्टर (सही)
२. त्यांच्या पत्नी बुरमा (सही)
(कालिपाला कॅमेरा मिळतो म्हणून तिची सही घेतलेली नाही. ती रुसली आहे.)

स्थळ: नारीन
दिनांक: १८ जानेवारी, शनिवार