ट्रकचे पाटे आणि एनेरेल

५ ऑगस्ट
ठरलं. वडिलांची जुनी रशियन जीप पुन्हा उभी करायची. अशी मजबूत, की खडकालाच पोचे पडावेत. मी कॉलेज सोडलं म्हणजे इंजिनियरिंगने मला सोडलं असं नाही. जीपमध्ये सध्या शेळ्या झोपतात. आईला म्हटलं, शेळ्यांची सोय दुसरीकडे कर. ती म्हणाली, त्या तुझ्यापेक्षा जास्त दिवस एका जागी टिकल्यात, त्यांनाच विचार. दुर्लक्ष केलं.

७ ऑगस्ट
कारण लिहून ठेवतो. महिनाअखेर शेजारच्या गोम्बोकाकांचा राहता तंबू पलीकडच्या कुरणावर हलणार. त्यांच्या घरची रीत अशी, की तंबूच्या माथ्याचं लाकडी चक्र ज्या गाडीत, ती सगळ्यात पुढे. आणि घरची मुलगी तिच्यातच बसणार. मुलगी म्हणजे एनेरेल. वस्तीतल्या तुवशिनने आपली जपानी गाडी आधीच पुढे केलीय. आत गादीसारख्या सीटा. गाडी आहे की पलंग? पुरुषाने असल्या गाडीत बसू नये. मी एकदाच बसलो. झोप लागली.

११ ऑगस्ट, दुपार
गंज खरवडला. तळातून जमीन दिसायला लागली. तुवशिन डोकावून म्हणाला, दोर्लिग, हवेशीर केलीस की! पाना फेकला. आमच्या दुधाच्या किटलीला लागला. यापुढे राग आवरायचा.

१२ ऑगस्ट
तुवशिन एनेरेलच्या घरी सरपण पोचवताना दिसला. राग आवरला नाही.

१६ ऑगस्ट
भंगारात ट्रकचे स्प्रिंगचे पाटे मिळाले. जीपचे काढून हेच चढवले, वर दोन जास्तीचे. चेसीला लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या. आता हिला कोण हलवतो बघू.

२० ऑगस्ट
चाचणी. आईला बसवून नदीपर्यंत. पाटा तसूभर लवला नाही! आई परत पायी आली. म्हणाली, घोड्यावरून पडले होते तेव्हासुद्धा इतकी हाडं खिळखिळी झाली नव्हती. याला म्हणतात मजबुती.

२३ ऑगस्ट
एनेरेल जीप बघायला आली. बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, केवढी टणक झालीय रे! तुवशिनच्या गाडीला असं कधी म्हणाली असेल? शक्यच नाही. घरी त्याच्याच गाडीतून गेली, पण ते वाटेवर पडतं म्हणून.

२९ ऑगस्ट
चक्र तुवशिनकडे. गोम्बोकाका म्हणाले, पोरा, चक्र आमच्या आजोबांच्या वेळचं, आणि तुझ्या गाडीत धक्के फार असं तुझी आईच सांगत होती. घरचा भेदी! मला ऐरागचं पिंप दिलंय. घोडीचं दूध आंबायला घातलेलं, जोखमीचा माल. भरवशाच्या माणसालाच देतात.

३० ऑगस्ट, संध्याकाळ
तंबू हलला. खिंडीपाशी पिंप घरंगळायला लागलं. ते धरायला एनेरेल माझ्या जीपमध्ये आली! स्वतःहून. म्हणजे काकांनी पाठवलं म्हणून, पण आली. उतारावर झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडालं. छत, मी, एनेरेल, तिचा नवा निळा डगला, सगळं पांढरं. तुवशिनने तिला रुमाल दिला. खिशात इस्त्रीचा रुमाल घेऊन कोण हिंडतं? मी माझं फडकं दिलं. त्याला ग्रीस होतं. डगला आता निळा नाही.
काकांनी उरलेलं चाखलं. म्हणाले, वा! दिवसभर घुसळून येत नाही ती चव एका खिंडीत आली.

४ सप्टेंबर
दारात शेजाऱ्यांची रांग. जीप बघायला आले असतील म्हणून बाहेर गेलो. प्रत्येकाच्या हातात पिंप. म्हणे, जरा एक चक्कर मार ना, भाऊ. मी रवी आहे का? सगळ्यांना हाकललं.

९ सप्टेंबर
गोम्बोकाका स्वतः आले. मुलीचे वडील आपण होऊन घरी येतात ते कशासाठी, एवढं मला कळतं. आईला चहा टाकायला सांगितला, चांगला डगला चढवला, पट्टा आवळला.
काका म्हणाले, पोरा, एनेरेलचं लग्न ठरलंय. पाहुणे भरपूर, ऐराग उत्तम हवी. तुझ्याशिवाय व्हायचं नाही. कोणाशी ठरलं ते मी विचारलं नाही. बाहेर पिंपं उतरवत तुवशिनच उभा होता.

१० सप्टेंबर
सकाळी पिंपं चढवली. नदीपर्यंत, परत, पुन्हा नदीपर्यंत. पाटे अजून तसूभर लवत नाहीत.