वल्द, जौजे, बेवा

आसेगाव,
२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप वैजयंतीताईस धाकट्या हरीओमचा नमस्कार.

तुझी राखी ऑगस्टातच मिळाली, पोच आज देतोय. आळशी आहेच मी. सोयाबीन निघालं, तुरीला शेंगा धरल्यात, घरी सगळे बरे.

सध्या तुझ्या भाचीनं, ज्योत्स्नानं, मला कामाला लावलंय. अमरावतीला ती भाषेचा अभ्यास करते. गावात बाईबद्दल कसं बोलतात, माणसाबद्दल कसं, ते लिहून पाठवा म्हणाली. चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, पण घरचं बोलणं कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. मी आलो की 'ते आले', तुझी भावजय रुख्मिणी आली की 'ती आली'. पण आपल्याकडे बाईसुद्धा 'मी येतो' म्हणते, माणूसही 'मी येतो'. म्हटलं, वा, इथे तरी बरोबरी. रुख्मिणी भाकरी थापता थापता म्हणाली, "बोलाले बरोबरी हाये, कागदावर कुठी हाये?"

म्हणून बाबांची शेताच्या जुन्या कागदांची पेटी उघडली. बाबा शेवटपर्यंत 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा. आजी मात्र आधी 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको, आणि आजोबा गेल्यावर 'बेवा'. आईच्या मागे बाबा नऊ वर्षं जगले, त्यांच्या नावापुढचं अक्षर हललं नाही. मला मोठी गंमत वाटली. सगळं वहीत उतरवलं.

खाली आणखी एक कागद होता. 'वैजयंती जौजे रामकिसन.' तुझं हक्कसोड पत्र.

हे मला लिहायचं नव्हतं. ज्योत्स्नाच्या वहीवर पत्र संपवणार होतो.

भाऊबीजेला आली होतीस. दुसऱ्या दिवशी तुला मंगरुळपीरला, कचेरीबाहेर कागद लिहून देणाऱ्या अर्जनवीसाकडे नेलं. सगळ्याच बहिणी सही करतात, साडी-चोळी घेतात, माहेर टिकतं, असं मी म्हणालो. "नाही केली त माहेर तुटन काय?" तू विचारलंस. मी पेन तुझ्या हातात दिलं. तू सही केलीस, हिरवी साडी पाटावर तशीच ठेवलीस आणि दुपारच्या एसटीनं गेलीस. त्याला सोळा दिवाळ्या झाल्या. राखी येते, तू येत नाहीस.

परवा त्याच अर्जनवीसाकडे गेलो होतो. विहिरीकडचे दोन एकर तुझ्या नावानं करायचे आहेत.

"बाई कोनाच्या जौजे?" त्यानं विचारलं. भाऊजी गेल्याचं सांगितलं, तर तो 'बेवा' लिहायला लागला.

मी म्हटलं, "वल्द आबाराव लिहा."

"बायाइले वल्द नाही लागत, गुरुजी."

बराच वेळ आमची हुज्जत चालली. शेवटी 'आबारावांची मुलगी' असं साध्या मराठीत लिहून घेतलं.

सहीला तुला यावं लागेल. रुख्मिणी म्हणते, आधी माफी मागा, मग तुमचं व्याकरण. ताई, माझं चुकलं. तेव्हाच कळलं होतं, पण शेत हातचं जाईल म्हणून बोललो नाही. नाही आलीस तरी रागावणार नाही, कागद तयार राहील. साडी पेटीत आहे, पण ती परत पुढे करणार नाही.

निघताना अर्जनवीसानं विचारलं, "अन् कागद करून देनारे तुमी, तुमचं काय लिहू?" मी माझं नाव सांगितलं, आणि पुढे जे सांगितलं तेच इथेही लिहितो.

वैजयंतीचा भाऊ,
हरीओम