डावा सहा, उजवा साडेसात

३ मार्च, सोमवार

वेबसाइट झाली! जावईबापूंनी सकाळी फोनवर जाहीर केलं — "आई, आपण लाइव्ह आहोत." म्हटलं, बरं झालं सांगितलंत.

हे कानाला पेन्सिल खोचून बघायला बसले, मी मागे उभी. आधी काळा पडदा. मग एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, फिरला. मग संथ संगीत, आणि एक बाई अनवाणी वाळूवरून चालत निघाली. बरीच लांब गेली. मग अक्षरं उगवली — "प्रत्येक पाऊल, एक संवाद."

बूट कुठायत? बूट सहाव्यांदा बोट घासल्यावर आले!

आणि त्या बाईचे दोन्ही पाय अगदी सारखे. आमच्या गिऱ्हाइकांचे पाय तसे असते तर ती आमच्याकडे कशाला आली असती? एक पाय सहा नंबरचा, दुसरा साडेसात. एक आखूड, एक रुंद. बाजारात दोन-दोन जोड घेऊन त्यातला एकेक बूट फेकून देणारी माणसं शेवटी आमची पायरी चढतात. हे पंचवीस वर्षं जोडीतला प्रत्येक बूट वेगळा बेततात. पण यांनी ते सगळं बघून मान डोलावली. "छान आहे." जावयाच्या कामाला दुसरं काय म्हणणार? मीही म्हटलं, छान आहे.

५ मार्च

पायरी चढणारी माणसं आठवड्याला दोनावर आली आहेत. यांना कारखान्यातून बोलावणं आहे — मशीनवर शिवलेल्या बुटांवर देखरेख करायची. एक एप्रिलला उत्तर द्यायचंय. यांनी ठरवून टाकलं : महिनाअखेरपर्यंत वेबसाइटवर बारा ऑर्डरी आल्या तर दुकान राहील, नाहीतर कुलूप. बाराच का? "आकडा पाहिजे ना काहीतरी," म्हणाले.

कारखान्यात हे सहा महिन्यांत वाळतील. हात चालला नाही की यांना जेवण जात नाही. मला भीती वाटते, आणि सगळी भिस्त त्या वाळूवरच्या बाईवर!

८ मार्च

आज वेबसाइटवर आपला फोन नंबर शोधला. चष्मा लावून, पाव तास. कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत. त्या दाबायच्या म्हणे! रेघा दिसल्या म्हणून कोण दाबतं? आत 'आमची कहाणी', 'आमचं तत्त्वज्ञान', 'आमचा प्रवास'. आम्ही दोघं उभ्या जन्मात या खोलीतून त्या खोलीत गेलो, कसला प्रवास! नंबर होता 'चला, बोलू या'च्या आत, राखाडीवर राखाडी अक्षरांत.

जावईबापूंना भीत भीत विचारलं. "आई, फोन आता कुणी करत नाही. सगळं कसं सिंपल पाहिजे. युजर-फ्रेंडली."

बरं बाबा. पंचवीस वर्षं दुकानाचा फोन मी उचलतेय. लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. पाय असा कशाने झाला, जन्मापासून की पडल्यामुळे, घरातले काय म्हणतात — सगळं काढून घेते. अर्धा अर्धा तास. यांना मापं लागतात, मला माणूस कळतो. तीन रेघांना जमणार आहे का ते?

११ मार्च

शून्य. बाई मात्र चालतेच आहे.

१३ मार्च

दोन ऑर्डरी! एकाच दिवशी! हे शीळ घालत चामडं काढायला उठले.

दोघांनाही सातच नंबर हवाय, दोन्ही पायांना सारखा. एकाला 'संध्याकाळ' रंगाचा, एकाला 'मौन'. मौन म्हणजे काळा, हे लेकीला फोन करून विचारावं लागलं. हे म्हणाले, "सारख्या पायाची माणसंही आवडीने घेत असतील. आपलं नाव व्हायला लागलं." मला तरी काय माहीत.

२० मार्च

दोन्ही जोड परत आले. एकात चिठ्ठी — "तुमच्याकडे डावा-उजवा वेगवेगळा मिळतो असं ऐकलं होतं. तुम्हीही इतरांसारखेच निघालात."

हे चिठ्ठी हातात घेऊन तसेच बसून राहिले. पंचवीस वर्षांत यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी वेबसाइट उघडली आणि पहिल्यांदाच ऑर्डरीच्या पानापर्यंत गेले. नंबर लिहायला चौकोन एकच! एकच! जगाच्या पाठीवर ज्या दुकानाला दोन चौकोन लागतात ते आमचं, आणि आमच्याच जावयाने एक ठेवला! आणि आम्ही? हे तीनदा बघून 'छान' म्हणाले, मी दोनदा. शेवटपर्यंत गेलं कोण? तोंडात मूग धरून बसलो, त्याची फळं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "मी सांगितलं तर चार दिवस अबोला. तू सांग. तुझ्यासमोर त्यांना हसावंच लागतं."

आता दहा दिवसांत बारा कुठून आणायच्या?

२३ मार्च, रविवार

दोघं जेवायला आले. जेवणं झाल्यावर म्हटलं, "जावईबापू, जरा माझी एक ऑर्डर टाकता का तुमच्या वेबसाइटवर? मला मेलीला जमत नाही."

"टाकतो की! सांगा."

"डावा सहा, उजवा साडेसात."

ते हसत हसत मोबाइल घासायला लागले. गोल फिरला. बाई चालली. रेघा दाबल्या. प्रवास झाला, तत्त्वज्ञान झालं. मग चौकोन आला, आणि बोट थांबलं. वर गेले, खाली गेले, परत वर. हे छताकडे बघत होते. लेक पाणी प्यायला आत गेली, ती बाहेरच येईना. चांगली तीन मिनिटं गेली. जावयांचे कान लाल झाले.

"आई... हे कुणी बोललं कसं नाही मला?"

"तुम्ही जावई ना," मी म्हटलं. झालं, सुटलं तोंडून!

पण रागावले नाहीत. जेवणाच्या टेबलावरच कागद घेऊन बसले. बाई गेली, गोल गेला, मौन जाऊन काळा आला. वरच दोन मोठे चौकोन — डावा पाय, उजवा पाय. शेजारी पावलाचं चित्र, माप कसं घ्यायचं ते. खाली पत्ता. संपलं!

मी म्हटलं, अजून एक चौकोन हवा. 'पायाला काय झालं?' भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असा. फोनवर मी सगळ्यात आधी हेच विचारते. इथे मात्र अडून बसले. "नाही आई. एकही जास्तीचा प्रश्न नको. खाली थोडी कोरी जागा ठेवतो, ज्याला सांगायचंय तो सांगेल." मी तीनदा म्हटलं, तीनदा नाही म्हणाले. आणि हेही त्यांच्याच बाजूने! माणसाने माणसाची चौकशी करायची नाही तर काय खांबाची करायची? पण स्क्रीनसमोर वाढलेल्यांना सांगून उपयोग नाही. उठले आणि चहा टाकला.

२६ मार्च

काल रात्रीपर्यंत नवीन पान लागलं. आज तीन ऑर्डरी. डावा आठ, उजवा नऊ. डावा सात, उजवा पाच! हे मापं मोठ्याने वाचत होते, जशी नातवंडांची नावं. चिठ्ठीवाल्याचा जोडही नव्याने बेतायला घेतलाय, आपण होऊन.

२९ मार्च

नऊ झाल्या. एकानेही 'काय झालं' ते लिहिलेलं नाही. नुसते आकडे. कसली कोरडी माणसं! पण नऊ झाल्या.

३० मार्च

अकरा. यांना झोप नाही, मला नाही. कारखान्याचा फोन येऊन गेला. हे म्हणाले, परवा सांगतो.

३१ मार्च, सोमवार

बारावी आली. दुकान राहिलं! डावा पाच, उजवा सात.

खालच्या कोऱ्या जागेत लिहिलंय — "नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडे फोन केला होता. एक बाई होत्या. पायाला काय झालं, कधी झालं, लग्न जमलं का, विचारतच राहिल्या. मी फोन ठेवून दिला आणि इतकी वर्षं दोन-दोन जोड घेत आले. त्या आता तुमच्याकडे नाहीत असं दिसतं. बरं केलंत."

दोनदा वाचलं. यांना मापं तेवढी सांगितली.