खोट्या बँकसाहेबाची निरवानिरव

मी, भैय्याजी सुखदेव लोहकरे, वय वर्षे बाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा, लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. आमच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिलेला आहे. तो मी पत्नी मंदाबाई हिला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरनं तुमाले घडीभर पाह्यलं. मी लगन झाल्यापासून पाहून राह्यली." तिची हरकत येथे नोंदवून पुढे लिहितो.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मुलगा भूपेंद्र दिवाळीपासून "बाबा, कागद करून ठेवा" म्हणतो. त्याला दबाव म्हणत नाहीत, त्याला मुलगा म्हणतात. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी माझ्याजवळ लिहिण्यासारखे काही नव्हते.

१. नाचणगाव येथील दोन खोल्यांचे घर व त्याला लागून असलेले रस्त्याकडचे दुकान ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. स्वकष्ट हा शब्द वकिलाचा. काजे, बटणे आणि तुरपाई मंदाबाईची असे. म्हणून घर व दुकान मंदाबाईला पूर्ण मालकीहक्काने. तिने वेगळी व्यवस्था केली नाही तर तिच्यानंतर भूपेंद्र आणि मुलगी ज्योत्स्ना यांना सारखे. सारखे म्हणजे सारखे. "ताई सेलूले सुखात हाये" हे कारण भूपेंद्रने मांडू नये. सुखात असण्याचा दंड मी कोणाला लावत नाही.

२. शिलाई मशीन ज्योत्स्नाला. ती बाही माझ्यापेक्षा चांगली बसवते. हे मी तिला कधी सांगितले नाही, आता कळेल. मोठी कात्री मात्र मंदाबाईजवळ राहावी. ती कात्री कोथिंबिरीला वापरते म्हणून आम्ही जन्मभर भांडलो. आता तिने निवांत कापावी.

३. बँकेच्या बचत खात्यातील रक्कम आणि मुदत ठेव मंदाबाईला. बँकेचे नाव लिहीत नाही. पासबुक कपाटात आहे, आणि मला अजून तिथे जावे लागते. त्या खात्याला नॉमिनी म्हणून मंदाबाईचे नाव गेल्या महिन्यात लागले. ज्या माणसाने गावोगावच्या चौकात "नॉमिनी लावा" म्हणून घसा फोडला, त्याच्या स्वतःच्या खात्यात ती जागा इतकी वर्षे रिकामी होती, हे भूपेंद्रने शोधून काढले. तो फार हसला. हे मृत्युपत्र त्याच्या त्या हसण्यातून निघाले आहे.

खाते कसे उघडले तेही लिहिणे भाग आहे, कारण माझा सोबती ओमप्रकाश निराळेच सांगत फिरतो.

मी तरुणपणापासून खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात काम करीत असे. पडदा नाही, मंच नाही. ढोलकी वाजली की लोकांसमोर उभे राहायचे आणि हसवायचे. हसवायचे काम ओमप्रकाशचे. मी उंच आणि सुतकी चेहऱ्याचा, म्हणून मला पाटील, फौजदार, देव असली कामे मिळत. घरोघरी बँक खाते उघडण्याची मोहीम निघाली तेव्हा एका संस्थेने आमच्या गंमतीच्या पार्टीला गावोगावचे प्रयोग दिले. ओमप्रकाश झाला पैसा जमिनीत पुरणारा गणप्या आणि मी बँकेचा मोठा साहेब. काळा कोट मी स्वतः शिवला. त्याचा डावा खांदा जरा वर गेला. साहेब लोकांचे खांदे असेच असतात, असे मी पार्टीला सांगितले.

प्रयोगात मी छातीवर हात ठेवून म्हणायचो, "कागद नसन तरी मानूस त हाये ना? या मायाकडे, मी बसलो हाये." हे वाक्य संस्थेच्या लिखाणात नव्हते. टाळ्या पडायच्या म्हणून मी घातले होते.

एका बाजाराच्या दिवशी रुख्माबाई दुकानात आली. शेजारच्या गावची, नवरा गेलेला, वाडीत भाजी लावून बाजारात विकणारी. तिने टोपली खाली ठेवली आणि मशीनवर वाकलेल्या मला बराच वेळ न्याहाळले.

"साहेब, बँकेचा पगार पुरत नाई का?"

"काऊन?"

"ब्लाऊज शिवून राह्यले म्हनून इचारलं."

मी नुसता नट आहे, हे मी तिला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि पिशवीतून कागद काढले. "पन तुमी म्हनलं होतं ना, या मायाकडे. म्हनून आली."

तिची निराधार पेन्शन मंजूर झाली होती, पण ती खात्यातच जमा होणार होती. खाते उघडायला गेली की बँकेतला बाबू आधारवरची "रुख्मा" आणि रेशनकार्डावरची "रुख्मिणी" समोरासमोर धरायचा आणि दोघींनाही परत पाठवायचा. तोवर भाजीतून उरलेले पैसे ती अडत्याकडे ठेवीत असे. स्वतःचेच मागायला गेली की अडत्या उपकार केल्यासारखे द्यायचा.

मी तिला वाटेला लावणार होतो. पण तिने पुन्हा साहेब म्हटले. मी आत गेलो आणि कोट चढवला. मंदाबाईने एवढेच विचारले, "इस्त्री करून देऊ का?"

बँकेच्या दारवानाने दार उघडून धरले. तिथवर माझे काम उत्तम झाले. बाबूने "बोला" म्हटले आणि सगळे पाठांतर उडाले. ढोलकीशिवाय मला बोलता येत नाही हे मला त्या दिवशी कळले. शेवटी कसाबसा म्हणालो, "मी या बाईंची ओळख देतो."

"तुमचं खातं आहे आमच्याकडे?"

"नाही."

"मग कोणत्या बँकेत आहे?"

मी कोटाच्या बटणाकडे पाहू लागलो. माझी सगळी शिल्लक दुकानात गुंड्यांच्या डब्यात होती.

बाबू सज्जन होता. म्हणाला, "मग आधी तुमचंच उघडू." त्याने माझे कागद पाहिले. आधारवर भैय्याजी, रेशनकार्डावर भाऊराव. त्याने आम्हा दोघांचे कागद एकत्रच परत केले.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. रुख्माबाई म्हणाली, "म्हंजे तुमी बी मायासारखेच." मग कागद पिशवीत घालत, "या महिन्यात खात्याचा नंबर नाई देला त पेन्शनीचा कागद वापस जाते म्हनते." एवढे बोलून ती टोपली उचलून बाजारात गेली. मी कोट काढून घडी केला आणि मागच्या गल्लीने घरी आलो.

त्याच आठवड्यात तिच्या गावी आमचा प्रयोग होता. त्याच बँकेचे व्यवस्थापक पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीवर. मी ओमप्रकाशला झालेले सगळे सांगितले आणि शपथ घातली की आज लिहिल्याबाहेर अक्षर बोलायचे नाही. त्याने शपथ घेतली. ऐन प्रयोगात मी "खाते उघडा" म्हणून हात वर केला, तर गणप्या माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणतो, "साहेब, तुमचं सोताचं खातं कोन्या बँकेत हाये?"

ढोलकी थांबली. खोटे बोलता आले असते. नटाला त्यात अवघड काही नाही. पण रुख्माबाई बायकांमध्ये पुढेच बसली होती.

"मायं कुठंच नाई," मी म्हणालो. "गेलतो उघडाले. मले बी वापस पाठवलं, अन् त्या बाईले बी." आणि रुख्माबाईकडे हात केला.

माझ्या वाक्याला लोक इतके कधीच हसले नव्हते. व्यवस्थापकही हसले. मग त्यांनी माझ्या हाताच्या दिशेने पाहिले, तर रुख्माबाई हसत नव्हती.

प्रयोगानंतर ते आमच्याकडे आले. आता संस्थेकडे तक्रार जाणार, असे मी धरून चाललो. ते म्हणाले, "उद्या दोघंही या. छोटं खातं म्हणून एक प्रकार असतो. फोटो आणा, माझ्यासमोर सही करा, कागद नंतर दुरुस्त करून द्या. तुमच्या नाटकातच आहे की हे वाक्य." होते. त्यात गंमत नव्हती म्हणून मी ते एका दमात म्हणून टाकायचो.

दुसऱ्या दिवशी आधी रुख्माबाईचे खाते उघडले, मग माझे. तिची पेन्शन सुरू झाली. अडत्याकडचे सगळे पैसे तिने एका सकाळी काढून आणले. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाली, "नोका येऊ. तुमी बोलान अन् सारं बिघडन."

तेव्हापासून लोक येतच राहिले. कोणाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, कोणाच्या नवऱ्याच्या विम्याचे पैसे अडकलेले, कोणाला पासबुक नुसते वाचून हवे. मी समाजसेवा केली असे माझ्या फोटोखाली लिहू नये. मला साहेब म्हटलेले आवडत असे, एवढेच. त्यापायी ज्या नवरदेवांचे सदरे लग्न लागून गेल्यावर शिवून झाले, त्या सर्वांची मी येथे माफी मागतो.

४. काळा कोट ओमप्रकाशला. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये. म्हणून त्याला कोट दिला. माझ्या शोकसभेत त्याने बोलावे, पण लिहिलेलेच बोलावे. तसे नाही बोलला तर मी काय करणार आहे?

५. रुख्माबाईला मी काहीही देत नाही. मी एकदा विषय काढला होता. ती म्हणाली, "तुमचे पैसे मी कायले घेऊ? माया खात्यात हायेत ना." त्यामुळे ती साक्षीला मोकळी आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्योत्स्ना व भूपेंद्र यांनी मिळून करावी. मतभेद झाल्यास मंदाबाई सांगेल ते. तसेही तेच होणार आहे.

७. माझ्या अंत्यविधीचा खर्च बेताचा ठेवावा. तो दिवस बँकेच्या कामाचा असेल, तर दुकानाची एक फळी उघडी ठेवावी. त्या दिवशीही कोणीतरी मजुरी बुडवून, ऑटोचे भाडे भरून आलेले असेल. त्याला "साहेब गेले" एवढेच सांगून परत पाठवू नये. पाणी द्यावे, कागद पाहावेत, आणि घरातल्या एकाने त्याच्यासोबत बँकेत जावे. मला न्यायला उशीर झाला तरी चालेल, मला कुठे वेळेवर पोचायचे नसेल. पैशाची खिडकी मात्र दुपारी बंद होते.

वरील सर्व मजकूर मी सांगितला, वकिलांनी उतरवला, मी तो वाचून पाहिला आणि वकिलांनी गाळलेली वाक्ये परत घालून घेतली. खालील दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करीत आहे.

(सही) भैय्याजी सुखदेव लोहकरे

साक्षीदार
(सही) रुख्माबाई तुकाराम निकोडे, भाजी उत्पादक
(सही) निकेश प्रभाकरराव देवतळे, किराणा दुकानदार, नाचणगाव

ठिकाण : नाचणगाव
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५