तुमच्या नावाचे चिरूट

पाचपावली, नागपूर
मे १९५९

तीर्थस्वरूप केशवदादा यांच्या पायी धाकटा भाऊ रुपराव याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तिकडे भिलाईच्या कारखान्यात तुमची तब्येत, जेवणखाण, झोप कशी काय ते कळवावं. (पाच वर्षांत एकदाही कळवलं नाही, तेव्हा आजच कळवा असा आग्रह नाही.) तुमचा पत्ता बाबनरावांच्या जावयाकडून मिळाला, तो तुमच्याच खात्यात आहे म्हणतात. बाबा गेल्याचं त्यानेच तुमच्या कानावर घातलं आणि तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. म्हणून ते मी पुन्हा उगाळत नाही. हे पत्र चिरुटांबद्दल आहे.

तुम्हाला आठवत असेल, गिरणीतला गोरा विव्हिंग मास्तर विलायतेला परत जाताना बाबांना सिगारांची लाकडी पेटी देऊन गेला होता. विणाई खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून बाबांनी जन्मभर त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याची ही भरपाई. आपण घरात त्यांना चिरूटच म्हणत आलो. बाबांनी एकही ओढला नाही. मोठ्याच्या लग्नात व्याह्यांच्या हाती चिरूट द्यायचा आणि साऱ्या वऱ्हाडाला तोंडात बोट घालायला लावायचं, असा त्यांचा बेत. तोवर पेटी घरच्या हातमागाच्या खड्ड्यात, जिथे सूत ओलसर राहतं तिथे ठेवलेली. पुढे तुमचं उमरेडच्या मनकर्णेशी ठरलं, आपल्या दारी मांडव उभा राहिला, मुलीकडली मंडळी येऊन उतरली, आणि हळद लागल्यावर तुम्ही पान खाऊन येतो म्हणून गेलात ते गेलातच. (पान कुठल्या दुकानाचं खाल्लं ते एकदा सांगा, मी जाऊन नमस्कार करून येतो.) मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मला तुमचं धोतर नेसवलं, वाटीत उरलेली तुमची हळद मला फासली, आणि तुमची बायको माझी झाली. पण चिरूट काही खड्ड्यातून वर आले नाहीत. बाबा म्हणाले, ते केशवच्या नावाचे आहेत, तो आल्यावर काढू. माझ्या लग्नात विड्या वाटल्या, दादा. बंडलं फोडून.

दोन वर्षांपूर्वी, अशाच उन्हाळ्यात, बाबा गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवले, मोठ्याच्या जागी मीच. (मोठ्याच्या जागी उभं राहायचा मला आता सराव झाला आहे.) झाडावर कावळे हवे तेवढे, पण एक शिवेल तर शपथ! गेलेल्याची काही इच्छा राहिली की असं होतं, म्हणून मी एकेक कबूल करत गेलो. मायला सांभाळीन म्हटलं, कावळ्याने मान फिरवली. पत्ते खेळणं सोडीन म्हटलं, तो पंख खाजवत बसला. छपराची फुटकी कवेलू बदलीन म्हटलं, तर उडून दुसऱ्या फांदीवर. ऊन डोक्यावर आलं, भटजी आपल्या चपला शोधू लागले. शेवटी बाबनराव पुढे झाले. गिरणीत बाबांबरोबर त्यांनी उभी हयात काढलेली, त्यांना आतलं ठाऊक. मला म्हणाले, "चिरुटाचं बोल गा." मी हात जोडून म्हटलं की बाबा, तुमचे चिरूट वाळू देणार नाही, केशवदादा घरी आले की त्यांच्याच हातानं पेटवू. वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर. बाबनराव ढसढसा रडले. मीही रडलो, पण माझ्या रडण्यात थोडा राग होता. सुतक मी पाळलं, पाय माझे भाजले, आणि कावळा शिवला तो तुमच्या नावाला.

तेव्हापासून चिरूट जपणं हा माझा धंदा होऊन बसला आहे. त्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं, माग विकून खड्डा बुजवावा लागला. पेटी फळीवर ठेवली तर लाकूड खाणाऱ्या उधईने पेटी फस्त केली. (चिरूट सोडले. उधईलासुद्धा व्यसन नको.) मग आला नागपूरचा उन्हाळा, तो तुम्हाला काय सांगायचा, चिरूट हातात घेतला की पापडासारखा वाजायला लागला. मी ज्या कापडाच्या दुकानात आहे त्याच्या शेजारी, सदर बाजारात, साहेबलोकांचं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे. तिथला मालक म्हणाला, विलायतेत याला ओल धरणारी खास पेटी असते, तुम्ही आपला घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि आत काहीतरी ओलं ठेवा. मी हिरव्या प्लास्टिकचा डबा घेतला. (मोहल्ल्यातला पहिला. बायका पाहायला आल्या आणि नखानं वाजवून गेल्या.) पण काहीतरी ओलं म्हणजे काय, हे त्या गृहस्थाने सांगितलं नाही. ओलं फडकं ठेवलं, तर चिरुटांना बुरशीच्या पांढऱ्या मिशा फुटल्या. त्या ब्रशने झाडत बसलो. बटाट्याची फोड ठेवली, ती सडली. खसच्या ताटीतल्या ओल्या काड्या ठेवल्या, तर चिरुटांना सरबताचा वास. एकदा डबा चुलीजवळ राहिला, झाकण वाकडं झालं; फट कणकेनं लिंपली, तर कणीक खायला झुरळांची पंगत बसली. शेवटी मनकर्णेनं मडक्याचं खापर पाण्यात भिजवून, पुसून आत ठेवलं आणि झाकणाभोवती सायकलच्या ट्यूबचं कडं चढवलं. चिरूट मऊ झाले ते आजतागायत. मला ही गोष्ट आवडलेली नाही, पण खरी आहे. खापर तीच बदलते. एकदा मी चिडून विचारलं, की ज्यानं तुले हळदीत सोडलं, त्याचे चिरूट तू काहून सांभाळून राहिली वं? ती खापर पुसत म्हणाली, "त्यायचे नाही. मामाजीचे आहे."

मायचं आणखी वेगळं. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, ओल आहे काय गा? मोतीबिंदूमुळे तिला दिसत नाही, म्हणून डबा उशाशी घेते आणि एकेक चिरूट बोटानं दाबून पाहते. तिची समजूत अशी की चिरूट वाळले तर घाटावरचा शब्द मोडला, आणि बाबा मधेच लटकले. आताशा ती अंथरुणावरच असते (उन्हाळाच तसा आहे), त्यामुळे डबाही तिथेच. साऱ्या खोलीला तंबाखूचा वास येतो. पाहुणे माझ्याकडे संशयानं पाहतात.

तर मुद्दा असा, दादा, की मी थकलो. दुकानात कापड फाडतो आणि जीव डब्यात अडकलेला असतो. तुमच्या जागी मी बोहल्यावर चढलो, तुमच्या जागी पिंड ठेवले, ते सगळं निभलं. पण हे चिरूट मला तुमच्या जागी पेटवता येत नाहीत, नाहीतर तेही केलं असतं. एक दिवसाची रजा काढा, गाडीत बसा, एक चिरूट पेटवा, चार वेळा खोका, आणि वाटल्यास त्याच पावली परत जा. उरलेले तुमच्या रशियन साहेबांना वाटा.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घ्यावा, ही विनंती.

तुमचा धाकटा,
रुपराव

ता. क. येताना काही आणू नका. काडेपेटीसुद्धा नको, घरी आहे. माझा राग निवळला असं वर कुठे वाटलं असेल, तर ते चुकून लिहिलं गेलं आहे. फक्त पोळ्याच्या आत या. का ते विचारू नका, मला शपथ आहे.

ता. क. दुसरा. भाऊजीले मनकर्णेचा नमस्कार. पत्र पेटीत टाकाले माह्याजवळ देल्लं, म्हणून खाली लिहून राहिली. ह्यायनं इतके कागद चिरुटातच घालवले. आत्यानं, म्हणजे तुमच्या मायनं, ह्यायले शपथ घातली, का माह्या दुखण्याचं केशवले कळवू नको, तो आपल्या मनानं आला पाहिजे. मले शपथ घातली नाही. आत्याच्या पोटात गाठ आहे. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं पाहून हात जोडले. अन्न बंद झालं, चमच्यानं पाणी पाजून राहिलो. पोळा तिच्यानं निघत नाही. माहं तोंड कसं पाहावं म्हणून तुमी येत नसान, त मी उमरेडले चालली गेली असती. पण मंग आत्याले उचलन कोन? म्हणून मी डोक्यावर पदर घेईन, तुमी मान खाली घाला. अन् या.