दोन अक्षरांची जागा

शाओशिंग,
मोहरीच्या पाल्याचं लोणचं घातलं तो दिवस

चि. शूझीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. वर नेहमीसारखं नुसतं ‘गंगझ संवत्सर’, राजाच्या शकाचा पत्ता नाही. नवरदेवावाचून वरात! जुनं राज्य बुडून सोळा वर्षं झाली. नव्या राजाच्या हुकमाची शेंडी नको म्हणून तू सगळंच डोकं भादरून डोंगरावर बुवा झालास, तेही आम्ही गोड मानलं. खारे मासे पाठवतेय, मठात वास सुटू देऊ नकोस.

आता मुद्द्याचं. तुझा यान सरकारी परीक्षेला बसायचं म्हणतो. वंशावळीचा कागद बापाच्या हातचा लागतो आणि खाली नव्या राजशकाची दोन अक्षरं. चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेची मुदत आहे. लिहून पाठव. जिवाला जप.

तुझी ताई

उत्तर डोंगर,
गंगझ संवत्सर, दुसरा महिना

ती. ताईस शूझीचा सा. नमस्कार. वि. वि.

मासे पोचले. मोठ्या बुवांनी वास कसला म्हणून विचारलं. मी म्हटलं, शाईचा.

यानचं मात्र जमणार नाही. मी जुन्या राजाचं अन्न खाल्लंय. नवरा गेला म्हणून का बाई दुसऱ्याच्या घरी नांदायला जाते? ती दोन अक्षरं माझ्या हातून उमटणार नाहीत. राजा कशासाठी असतो, यावरचं माझं पुस्तक संपत आलंय, ते यानला वाचायला देईन. रागावू नकोस, माया असू दे.

शूझी

शाओशिंग,
बांधावर माती टाकून आले तो दिवस

चि. शूझीस आशीर्वाद. वि. वि.

राग आलाय आणि तो येणारच. जुन्या राजाकडे नांदलास तो तू. यान तेव्हा तीन वर्षांचा होता. पळापळीत त्याची आई वाटेतच गेली आणि मी त्याला पाठीला बांधून नदी ओलांडली. त्यानं कुठल्या राजाचं अन्न खाल्लं? माझ्या हातची पेज खाल्ली.

राज्य राजाचं नव्हे, लोकांचं, असं तूच लिहितोस ना? मग ऐक. गेल्या आठवड्यात बांध फुटला, सतरा घरं वाहून गेली. आलेल्या अधिकाऱ्याला नदी कुठून कुठे वाहते तेही ठाऊक नव्हतं. यान तीन दिवस चिखलात उभा होता. तो म्हणतो, आपण कचेरीत असतो तर हे होऊ दिलं नसतं. पण बाबा नाही म्हणाले तर बसणार नाही. इतका गुणी आहे रे! तुझ्या पुस्तकातलं एक तरी पान त्या बांधावर जाऊन उभं राहू दे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच
ताई

उत्तर डोंगर,
गंगझ संवत्सर, चौथा महिना

ती. ताईस सा. नमस्कार. वि. वि.

कागद सोबत आहे. पणजोबा, आजोबा, मी, सगळं लिहिलंय. डोळे हल्ली अधू झालेत. काही राहून गेलं असेल तर परत धाडू नकोस, मुदत टळेल. लहानपणी माझा कित्ता अर्धा राहिला की तू पुरा करायचीस आणि आपल्या बाबांना ते कधीच कळलं नाही, हे परवा सहज आठवलं.

शूझी

शाओशिंग,
रेशमाचे किडे कोशात गेले तो दिवस

चि. शूझीस आशीर्वाद. वि. वि.

शेवटच्या ओळीत बरोब्बर दोन अक्षरांची जागा कोरी! लबाड कुठला. आधी हसले, मग रडले, मग शाई उगाळली. मला ना जुन्या राजानं काही विचारलं, ना नव्यानं. बाईची निष्ठा मागतो कोण? तेव्हा माझं काही बुडालं नाही. तरी आधी दहादा रद्दीवर गिरवली, मग भरली ती दोन अक्षरं, खोटं कशाला सांगू.

कागद कचेरीत वेळेत पोचला. देण्याआधी यान त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून किती तरी वेळ बसला. म्हणाला, बाबांना फार जड गेलं असेल. मी त्याच्यापुढे पेज ठेवली. खरं सांगू का रे त्याला?

ताई

उत्तर डोंगर,
तू धाडलेल्या लोणच्याचं मडकं उघडलं तो दिवस

ती. ताईस सा. नमस्कार. वि. वि.

सांगू नकोस. त्याला वाटलं ते खोटं नाही. ती जागा कोरी सोडायला मला अकरा दिवस लागले.

तुझा, कित्ता अर्धा टाकणारा
शूझी