खंड्याच्या छातीतली गाठ

मुरुम, १९४६

तीर्थरूप गुंडप्पाअण्णांस कल्याणप्पाचा शरणु.

आपला कुत्रा खंड्या रक्त ओकून मेला. इरम्मावहिनींनीच विष घातलं म्हणून तुम्ही त्यांना माकणीला माहेरी धाडलं. त्याच दिवशी तुम्ही पुरलेलं कुत्रं मी उकरून कापलं. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर आहे, एवढं येतं. काळजातून निघणाऱ्या मोठ्या रक्तनळीला सुपारीएवढी गाठ होती, आत लाल जंत. शेणातले किडे खाल्ले की हे जंत कुत्र्याच्या पोटात जातात, तिथून रक्तनळीत. त्यांनी पोखरलेली नळी अन्ननलिकेत फुटली होती, म्हणून तोंडातून रक्त आलं. विष नव्हतं.

लिंगायताच्या पोरानं मेलेलं कुत्रं फाडलं, हे कळलं तर मलाही घर बंद झालं असतं. म्हणून गप्प बसलो. हे तिसरं पत्रही ट्रंकेतच राहील.

परवा माकणीला गेलो होतो. वाढता वाढता वहिनींनी विचारलं, "भाऊजी, चुकून माज्याच हातनं कायतरी पडलं असंल का हो?"

मी जेवत राहिलो.

तुमचा धाकटा,
कल्याणप्पा